तापलेल्या मुशीचे वजन

मित्रांनो, मी तराजू आहे. पण कांदे-बटाटे तोलणारा नव्हे. मी काचेच्या पेटीत राहणारा, प्रयोगशाळेतला तराजू. कारागिराने माझी पितळी दांडी अशी बसवली, की जवळ कुणी शिंकले तरी काटा थरथरावा. माझी वजनेसुद्धा बोटांनी नव्हे, चिमट्याने उचलायची. असा माझा तोरा!

माझा एक नियम होता. मूस, म्हणजे पदार्थ तापवायची लहानशी वाटी, भट्टीतून काढल्या काढल्या माझ्या पारड्यात ठेवायची नाही. तिच्या उबेने भोवतालची हवा वर चढते, पारडे उचलले जाते आणि मूस आहे त्याहून हलकी भरते. नवशिके हमखास इथेच चुकत. हा नियम ध्यानात ठेवा. माझे सारे भांडण त्याच्यावरच आहे.

पुढे विजेचे काटे आले आणि मी अडगळीत गेलो. कोळ्यांनी माझ्या दांडीवर संसार थाटला. एके दिवशी प्रयोगशाळेच्या सरांनी मला उचलले आणि वरच्या मजल्यावर आपल्या थोरल्या बहिणीकडे नेले. ताई तिथे संस्थेने दिलेल्या एका खोलीत विज्ञान आणि धर्म यांच्या तत्त्वज्ञानावर संशोधन करीत. पुरावा कशाला म्हणावे, हा त्यांचा जन्माचा प्रश्न.

"ताई, हा घे. तुझ्या देवाचं वजन कर," सर म्हणाले.

"करते की! आधी तुझ्या शंका ठेव पारड्यात. हलक्याच आहेत, लगेच होईल," बाहीने माझी काच पुसत ताई म्हणाल्या.

त्या खोलीत मी पुन्हा कामाला लागलो. दर आठवड्याला बैठक भरे. सर येत, विद्यार्थी येत आणि गाऊन प्रवचन करणारे बुवाही येत. बुवांनी तान घेतली की माझी काच गुणगुणू लागे. ऐकताना मला माझ्या पितळेचे सोने झाल्यासारखे वाटे! पण ताई कुणाची भीड ठेवीत नसत.

"बुवा, जिथं कळत नाही तिथं देवाला बसवू नका. उद्या कळलं की बिचाऱ्याला उठावं लागतं."

आणि भावाला म्हणत, "जे तोलता येत नाही ते नाहीच, हे तू कुठल्या तराजूवर तोललंस रे?"

मग माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "मूस हलकी नव्हती. तोलणाऱ्याला घाई होती."

बुवांनी हे वाक्य प्रवचनात घेतले, चालीवर गायले. माणसे डोळे पुसत घरी गेली. सर ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगू लागले. ताईंचे नाव दोघेही घ्यायचे विसरत. ताई हसून म्हणत, "गाणं ओठावर आलं ना? मग झालं."

आणि एक दिवस बैठक चालू असतानाच संस्थेची समिती आली, ताईंच्या संशोधनाचा प्रभाव मोजायला. तो दिसला नाही तर खोली बंद. अध्यक्षांनी कागद चाळले.

"बाई, तुमच्या लेखांचा उल्लेख इतर विद्वान फारसा करत नाहीत. वजन कमी पडतंय."

सर उसळले. "साहेब, मूस हलकी नव्हती, तोलणाऱ्याला घाई होती!"

अध्यक्ष थबकले. "हे तर आमच्या आईचं वाक्य! कुठल्या प्रवचनात ऐकलंय म्हणे. परवा नातवाचे गुण बघून मी ओरडलो, तर मलाच सुनावलं. निवू दे रे त्याला, म्हणाली."

"ते ताईंचंच आहे," कोपऱ्यातून बुवा म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "असेल हो. पण आमच्या तक्त्यात आईचा रकाना नाही. या दोघांकडून लेखी घ्या, मग बघू."

"नाही घेणार," ताई म्हणाल्या. "ज्यांच्याशी मनातलं बोलले, त्यांच्याकडे पावती मागू? खोली घ्या तुमची."

मित्रांनो, मोजणे हा माझा धंदा आहे. मी छातीठोकपणे सांगतो, ते मोजणे नव्हते!

खोली गेली. मला भंगारात काढायचे ठरले. पण एक बाजू सरांनी धरली, दुसरी बुवांनी. देव न मानणारा आणि मानणारा, दोघांनी पायात पाय अडकवत मला जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर आणून ठेवले. आता बैठक पायऱ्यांवर भरते. जाणारे-येणारे वाट काढतात आणि वाट काढता काढता बसतात.

गेल्या बैठकीला एक म्हातारी कठडा धरून वर आली. "मुशीवाल्या बाई कुठायत?" मागून तिची पिशवी सांभाळत, मान खाली घालून आले ते अध्यक्ष!

"याला आकडे मीच शिकवले हो," ती म्हणाली. "रकाने आखायला शिकवायचं तेवढं राहिलं."

ताईंनी सरकून दोघांनाही जागा दिली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूंची काच अधूनमधून पुसत जा आणि माणसाला पारड्यात घालायची घाई करू नका. मला इथून हलवायला कुणी आले, तर येऊ दे. मी याच कट्ट्यावर आहे. ताईंचे काम हलके आहे म्हणतात ना? ते अजून गरम आहे. हात लावून पाहा.