आधी पाहुण्यांना टेकू द्या

मी एक हातजाळं. सारोळ्याच्या तळ्याकाठच्या खोलीत खिळ्याला लटकलंय ना, ते मीच. हसू नका. वरातीत मला कुणी मिरवत नसेल, पण या तळ्यातले किती मासे माझ्या कुशीतनं गेलेत!

माझा जन्म नसरापूरचा. तिथं बानोबी कपडे शिवते. मच्छरदाणीचा तुकडा तारेच्या कड्याला शिवून, बांबूचा दांडा लावून तिनं मला लेकीच्या हाती दिलं. लेक गुलफशा मासे पाळायचं शिकायला निघाली होती. बानोबीला सुईत दोरा ओवता येईना, तरी मशीन चालूच.

"मला नोकरी लागली की तुझं मशीन बंद," गुलफशा म्हणाली.

"लागू दे तर आदी," म्हणत बानोबीनं तोंड फिरवून डोळे पुसले. मला सगळं दिसलं.

तळ्याचे मालक कुंडलिकअण्णा. शिकवायला सावळारामकाका, धरणावर मासे धरण्यात हयात गेलेले. शिकायला पुष्कळ आले, पण कामावर घेणार होते एकालाच.

पहिल्या दिवशी माझे काय हाल केले म्हणता! सगळ्यांनी मला पाण्यावर धपाधप आपटलं. काका ओरडले, "आगं, पोर उचलायचंय, धुणं धोपटायचं न्हाई!"

मग टेम्पोनं बोटुकली आली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. पाणी नि हवा भरलेल्या पिशव्यांतनं, भर उन्हात. गुलफशाला कळवळा आला. उन्हातनं आलेल्याला आमच्याकडं आधी पाणी विचारतात. तिनं पिशवी उघडून माठातलं तांब्याभर गार पाणी आत ओतलं! पिल्लं बघता बघता आडवी झाली. मेलेली वेचायचं काम माझ्याकडं आलं. गुलफशा हमसून रडत होती. मलाही रडू येत होतं, पण कुणाला कळणार? आम्ही जाळी कायमच ओली.

काका रागावले नाहीत. "उन्हातनं आलेल्या पाहुण्याला लगीच घटाघटा पानी पाजतीस व्हय? आदी ओसरीवर टेकू देतीस ना? तसंच हितं. बंद पिशवी तळ्यात तरंगत ठिव. आतलं-भायेरचं पानी सारखंच गार झालं की मग सोड."

निवडीच्या दिवशी पुन्हा बोटुकली आली आणि अण्णांना नेमकी घाई.

"सोडा पटापटा! पुतण्याच्या साखरपुड्याला जायाचंय. कुणाला घ्यायचं ते सांगून निघतो."

मालकाचाच शब्द! बाकीच्यांनी पिशव्या उघडून थेट तळ्यात ओतल्या. गुलफशानं आपली पिशवी बंदच पाण्यावर ठेवली. अण्णा खेकसले.

"तुला येगळं सांगू का?"

"अण्णा, पाहुणे अजून टेकले न्हाईत."

म्हटलं, झालं! गेली नोकरी. बानोबीचं मशीन काही बंद होत नाही.

एवढ्यात बाकीच्यांची पिल्लं तळ्यात तिरपी व्हायला लागली. अण्णांनी ती बघितली, वहाणा काढल्या नि बांधावरच बसले. "साखरपुडा कुठं पळून जातोय?"

बऱ्याच वेळानं गुलफशानं पिशवी उघडली. पिल्लं सुळकन खाली गेली, एकही वर आलं नाही.

"उद्यापासनं ये," अण्णा उठले. "आन् ह्यास्नीबी शिकीव."

आता मला भोक पडलंय. दुकानातलं नवं नायलॉनचं जाळं आलंय, मोठं तोऱ्यात असतं. असू दे बापडं. माझं मागणं एवढंच, की मला फेकू नका.

काल बानोबी पहिल्यांदाच तळं बघायला आली. नसरापुरातनं शेअर रिक्षानं, घामाघूम. दारातनंच म्हणाली, "पोरी, पाणी दे गं."

"अम्मी, आदी टेक."

बानोबी टेकली. तेवढ्यात खिळ्यावर मी दिसलं. तिनं मला मांडीवर घेतलं, भोकातनं बोट फिरवलं.

"सुई आण."

"मशीन बंद म्हटलंय ना?"

"मशीन बंद हाय. हात कुठं बंद झालेत?"

गुलफशानं सुईत दोरा ओवून दिला. मग पाण्याचा तांब्या आणला.