गुरुवारी उसवलेले टाके

मी उसवणी. दुकानात मला दुसऱ्या कुठल्या नावानं विकत असतील, पण या घरात माझं हेच नाव पडलं आणि मला ते आवडतं. बोटाएवढी माझी लांबी, लाल दांडी आणि पुढे लोखंडाची दोन शिंगं. एक लांब, टोकदार. दुसरं आखूड, कापडाला इजा होऊ नये म्हणून त्यावर एक मणी. दोन्हींच्या बेचक्यात माझी धार. चुकलेला टाका त्या बेचक्यात आला की बारीक आवाज होतो आणि टाका सुटतो. एवढंच माझं काम.

सुईला सगळे मान देतात, कात्रीला जपतात. माझी आठवण मात्र चुकल्यावरच येते. मला बाहेर काढताना माणसाच्या तोंडून हमखास "छे!" निघतं. मी ते मनावर घेत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका शिलाई मशीनच्या खणात बसून मी या घरी आले. मालकीण तेव्हा शिवणकामात अगदी नवी होती. पहिल्याच शर्टाला तिनं डावी बाही उजवीकडे लावली आणि उजवी डावीकडे. तो दिवस माझा. पुढे तिचा हात बसला. आज ती एका लाँड्रीत लोकांचे कपडे दुरुस्त करते. पण तिचा खरा जीव गोधड्यांत आहे.

तिच्या कपाटात सात पिशव्या आहेत आणि प्रत्येकीत एक अर्धी गोधडी. एक भाचीची. भाची आता कॉलेजात जाते, गोधडी अजून पाळण्याच्या मापाची आहे. एक निळ्या तुकड्यांची, जिला निळंच कापड पुरेना. आणि एक अबोल्याची. नवऱ्याशी बोलणं बंद होतं तेव्हा ती सुरू झाली आणि अबोला सुटला तशी थांबली. नवरा अजून म्हणतो, "ती पूर्ण व्हायची असेल तर मला पुन्हा भांडावं लागेल."

"भांड की," मालकीण म्हणते, "काठच राहिलाय फक्त."

दर गुरुवारी दुपारी तिच्या दोन मैत्रिणी शिवायला येतात. एक सिस्टर, मुलांच्या इस्पितळात नोकरीला, बडबडी आणि हसरी. दुसऱ्या बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मालकीण आणि सिस्टर त्यांना बाईच म्हणतात आणि बाई या बावन्न-बावन्न वर्षांच्या बायकांना "पोरी" म्हणतात. तिघी एका टेबलाभोवती बसतात, मधे गोधडी पसरतात आणि आपापल्या बाजूनं धावदोरा घालत मधे येतात. एकीचा दोरा संपला की दुसरी न मागता रीळ सरकवते. मी कितीतरी माणसं पाहिली, पण बोलता बोलता एकमेकींच्या हातांकडे इतकं लक्ष असलेली पाहिली नाहीत.

यंदा त्यांनी सिस्टरच्या वॉर्डासाठी गोधड्या करायला घेतल्या. प्रत्येक खाटेला एक. सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं, "टाका घट्ट हवा हं. आमचं धुण्याचं मशीन राक्षस आहे. आणि सैल टाक्यात पोरांची बोटं अडकतात."

त्याच सुमारास बाईंच्या हाताला कंप सुटला. त्यांचे टाके लांब पडू लागले, सैल पडू लागले. मालकिणीनं ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही. शुक्रवारी सकाळी तिनं मला उचललं, बाईंच्या ओळी उसवल्या आणि स्वतः पुन्हा घातल्या. तीन शुक्रवार असंच चाललं. प्रेमानंच करत होती, पण मला हाताळताना ती दाराकडे बघायची. चोरीचं काम मला कळतं.

एक गोष्ट मात्र ती विसरली. उजव्या हातानं शिवणारं माणूस उजवीकडून डावीकडे येतं, म्हणून ओळ सुरू करतानाची गाठ उजव्या टोकाला असते. बाई डावखुऱ्या. त्यांची गाठ डाव्या टोकाला.

चौथ्या गुरुवारी बाईंनी जुन्या ओळीवरून सहज बोट फिरवलं आणि बोट उजव्या टोकाशी थांबलं.

"ही ओळ माझी ना गं?"

"हो, बाई."

"मग गाठ या टोकाला कशी?"

बाईंनी दुसरी ओळ चाचपली, मग तिसरी. सिस्टर घाईघाईनं चहाचं बोलू लागली. बाईंनी चष्मा डबीत ठेवला. "आज जरा लवकर निघते," म्हणाल्या आणि गेल्या.

दार लागताच सिस्टर मालकिणीवर उसळली. "अगं, उसवलंस ते उसवलंस, सांगायचं तरी!"

"कसं सांगू? बाई आहेत त्या."

"मी रोज पेशंटला तोंडावर सांगते. ऐकतात."

"तुझं ऐकतात, कारण तुझ्या हातात इंजेक्शन असतं."

एरवी दोघी हसल्या असत्या.

पुढचे दोन गुरुवार बाई आल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, "बरं वाटत नाही जरा." टेबलाची ती बाजू रिकामी राहिली आणि दोघींचे दोरे मधे येऊन थांबू लागले. तिसऱ्या गुरुवारी मालकिणीनं गोधडी पिशवीत भरली, मला वर ठेवलं आणि थेट बाईंचं घर गाठलं.

बाईंच्या टेबलावर जुन्या चादरीची एक पट्टी पडली होती. त्यावर डाव्या हातानं घातलेल्या ओळीच ओळी. प्रत्येकीपुढे तारीख आणि तांबड्या पेनानं दिलेले गुण. दहापैकी चार. दहापैकी तीन. एका ठिकाणी पाच दिले होते, ते खोडून चार केले होते.

मालकिणीनं ती पट्टी हातात घेतली. "बाई, चुकलं माझं. पोरांच्या अंगावर जायची होती, म्हणून..."

"टाके सैलच होते," बाई म्हणाल्या. "उसवायलाच हवे होते. मी तीस वर्षं पोरांच्या वह्यांत तेच केलं. पण तपासलेली वही परत द्यायची असते, पोरी. तू माझी वही ठेवून घेतलीस. वर माझ्या नावानं दुसरी लिहून ठेवलीस."

मालकीण रडू लागली.

"कापडावर डाग पडेल."

"पाण्याचा डाग पडत नाही, बाई."

"मग रड."

डोळे पुसून मालकिणीनं गोधडी पसरली आणि मला हातात घेतलं. स्वतःच्या ओळींना तिनं माझं टोक लावलं, तशा बाई ओरडल्या, "अगं, पक्के आहेत ते!"

"पक्के आहेत. पण तुमचे नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा मी न चुकलेले टाके उसवले. एकसारखे, घट्ट, सुंदर टाके. माझी धार त्यांना लागताना कचरत होती, पण मालकिणीचा हात कचरला नाही.

त्या दिवसापासून बाईंनी नियम घातला. दर गुरुवारी त्यांच्या ओळी त्यांच्यासमोर तपासायच्या. ओळ सैल निघाली तर तिथल्या तिथं उसवायची आणि बाईंनीच पुन्हा घालायची. आता मला कुणी लपवत नाही. टेबलाच्या मधोमध माझी जागा आहे. सिस्टर मला "परीक्षक" म्हणते. कधी एखादी ओळ टिकते, तेव्हा तिघी पोरींसारख्या टाळ्या पिटतात. अशा ओळी आता कमी होत चालल्यात, हे तिघींना ठाऊक आहे आणि मलाही.

माझी धारही आता पूर्वीची राहिली नाही. लवकरच खणात नवी उसवणी येईल. तिला आणि तुम्हालाही माझं एकच सांगणं. आपल्या माणसाचं काही उसवायची वेळ आली, तर त्याला शेजारी बसवून उसवा. त्याच्या पाठीमागे नको.

गेल्या गुरुवारी बाईंची एकही ओळ टिकली नाही. मी तिन्ही उसवल्या. बाईंनी सुटलेले दोरे बोटानं गोळा केले, बाजूला ठेवले आणि सुई उचलली. या टेबलावर त्यांनी आजवर कुणाकडून सुई ओवून घेतली नव्हती. त्यांनी ती मालकिणीपुढे धरली.

"ओवून दे गं," म्हणाल्या. "अजून उजेड आहे."