वाकड्या खुर्च्या

मी कवळ्या बनवते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांचे दात घासायचे, जुळवायचे. केसाएवढी चूक झाली तरी त्या माणसाला घास चावता येत नाही आणि दातांचा डॉक्टर माझा उद्धार करतो. त्यामुळे घरी आल्यावर मला चुकायचं असतं. मनसोक्त चुकायचं असतं.

नवरा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी कागदावर त्याची खुर्ची काढायचे. खिडकीजवळची, तो पेपर वाचत बसायचा ती. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. चार पाय चार दिशांना, पाठ अशी की बसणारा आडवाच व्हावा. पण काढून झाली की छातीवरचा दगड उतरायचा. भूक लागायची, झोप यायची. गोळ्यांना जे जमलं नाही ते या खुर्च्यांनी केलं. स्वयंपाकघराची एक भिंत त्या कागदांनी भरून गेली होती.

मग मी चार दिवस बहिणीकडे गेले. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली धाकट्या दिरांकडे दिली. ते शाळेत चित्रकला शिकवतात. परत आले तर भावजी स्वयंपाकघरातच उभे, आणि भिंतीवरच्या झाडून सगळ्या खुर्च्या सरळ! खोडून, पट्टी लावून, छाया देऊन. कोपऱ्यात बरोबरची खूणसुद्धा. मेली सवयच तशी!

"वहिनी, सरप्राइज!" ते हात पुसत म्हणाले. "अख्खा रविवार घालवला. आता कशा खुर्च्यांसारख्या दिसतात!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी सांगितला होता हा नसता उद्योग?"

"अहो, पण चुकलेल्या होत्या..."

"चुकलेल्याच होत्या! माझ्या होत्या! मला रडू येत नव्हतं भावजी, म्हणून मी हे काढत होते. तुम्ही माझं रडणं खोडलंत, आणि वर बरोबरची खूण केलीत!"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला दया आली नाही. त्यांच्यापुढे कोरा कागद आपटला. "बसा. काढा तुमच्या भावाची खुर्ची. डोळे मिटून."

त्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. शिकवणारा हात, रेघ तरीही सरळच निघाली. मग थबकली. "दादा चष्मा खुर्चीच्या हातावर ठेवायचा ना?" त्यांनी विचारलं. त्यानंतर पेन्सिल भलतीकडेच गेली. डोळे उघडले तसा त्यांचा हात आपोआप खोडरबराकडे वळला. मी ते उचललं आणि खिडकीबाहेर भिरकावलं.

"फार वाईट आलंय," ते म्हणाले. भाऊ गेला त्या दिवशी सगळ्यांना पाणी देत फिरणारा हा माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच बघत होते.

"येऊ दे वाईट."

माझा राग तसूभरही उतरला नव्हता. भिंतीवरच्या त्या सरळ खुर्च्या मी एकूण एक टराटरा फाडल्या. भावजींनी अडवलं नाही. मान खाली घालूनच म्हणाले, "वहिनी, अजून एक कागद द्या."

दिला. आपटूनच दिला.