गोळी तिची, तक्रार त्यांची

"कशी आहे तब्येत?" डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्याला. पेशंट शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"तशी ठीक आहे," नवरा म्हणाला. "चिडचिड मात्र वाढलीय."

मागच्या खेपेला 'सुस्त असते' अशी त्याची तक्रार होती, म्हणून त्याने आणि डॉक्टरांनी मिळून तिची थायरॉइडची गोळी वाढवली होती. तेव्हापासून तिची झोप उडाली, छाती धडधडू लागली आणि हात कापू लागले. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या बाईचे हात! मुंगीएवढा स्क्रू निसटायचा आणि ती टेबलाखाली रांगत बसायची. कालच मालक म्हणाले होते, "बाई, काही दिवस घरी आराम करता का?" असा आराम कायमचाच असतो, हे तिला माहीत होतं.

"डॉक्टर, माझा डोस जरा कमी—"

"अगं थांब, मी सांगतोय ना!" नवरा म्हणाला. "डॉक्टर, ही विचार फार करते."

"वयाचंही असतं," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "तोच डोस चालू ठेवू."

बिघडलेल्या स्कूटरबद्दल बोलावं तसं दोघांचं चाललं होतं. स्कूटरला निदान हॉर्न तरी असतो!

तिसऱ्या खुर्चीत सासूबाई होत्या, गुडघा दाखवायला आलेल्या. "काय रे, ही गोळी तू घेतोस?"

"मी कशाला घेऊ?"

"मग गप्प बस. तुझे वडीलही जन्मभर माझं दुखणं डॉक्टरांना सांगायचे. फार छान सांगायचे! औषध मात्र माझ्या ज्या दुखण्याचा त्यांना त्रास व्हायचा, त्यावरच मिळायचं. आणि डॉक्टर, तुम्ही मान जरा हिच्याकडे वळवा."

ती बोलली. सगळं, एका दमात.

डॉक्टर ताठ बसले. "धडधड? हात कापतात? अहो, हे मला कुणी सांगितलंच नाही!"

"तुम्ही मला विचारलंच नाही."

त्यांनी लगेच रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला. डोस खरंच जास्त होत होता! डॉक्टरांनी तो कमी केला आणि ओशाळून तिची माफीही मागितली.

"मला का नाही बोललीस?" घरी नवरा पुटपुटला.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, फार विचार करतेस."

पुढच्या तपासणीला तो दाराशीच घुटमळला. "मी आत येऊ?"

"या. ऐकायला या."

तर मंडळी, आजाऱ्यासोबत दवाखान्यात जरूर जा. फाइल धरा, पिशवी धरा आणि तोंड आवरा. अंगात काय होतंय, हे ज्याचं अंग त्यालाच सांगू द्या. औषध बदलून मागणारी बाई नखरे करत नसते. ती माहिती देत असते!