पाच गुणांची प्रगती

"बाई, तुमची मुलं वर्षभरात काही शिकलीच नाहीत," तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

ते मुलांच्या खुर्चीवर बसले होते, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागले होते आणि फाइल गुडघ्यांवर होती. आमच्या बालवाडीत मोठी खुर्ची एकच, आणि तिचा एक पाय लंगडा. तिच्यावर बसायला मला सव्वीस वर्षांची सवय आहे. पाहुण्याला ती देत नाही.

"शिकली नाहीत कशी?" मी म्हटलं. "आत्ता तुमच्यासमोर त्या एवढ्याशा पोरीनं वीसपर्यंत आकडे म्हटले की!"

"म्हटले ना. पण ती आली तेव्हाच वीसपर्यंत म्हणत होती, असं तुम्हीच लिहून दिलंय."

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात बालवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा चाचणी होते. चाळीस प्रश्न. नाव सांगता येतं का, रंग ओळखतो का, एका पायावर उभा राहतो का, असे. पहिली चाचणी मूल दाखल झाल्यावर पहिल्या आठवड्यात, दुसरी वर्ष संपताना. दुसरीतून पहिली वजा केली की जे उरतं, ती म्हणे प्रगती. बालवाड्यांची यादी त्या उरलेल्या आकड्यावर लागते, आणि यंदापासून यादीतल्या शेवटच्या दहा बंद होणार होत्या.

माझी मुलं सरासरी एकतीसवरून छत्तीसवर गेली होती. प्रगती पाच. कच्च्या यादीत मी शेवटून तिसरी.

पलीकडच्या गावची बालवाडी माझी सख्खी भाची चालवते. माझ्याच हाताखाली शिकलेली. तिची मुलं सहावरून तेहतीसवर. प्रगती सत्तावीस, यादीत दुसरी. छत्तीसवाली नापास आणि तेहतीसवाली कौतुकाची! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर माझ्या भाचीनं चोरीही केलेली नव्हती. साहेब उठून शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेल्यावर मी तिला फोन लावला.

"मावशी, तू चाचणी घेतलीस कधी?" तिनं विचारलं.

"आठवडाभर घेत होते. एकेकाला कडेवर घेऊन, बोलतं करून. एक पोरगी तीन दिवस तोंड उघडत नव्हती. चौथ्या दिवशी हात धुताना साबणाकडे बघून म्हणाली, हिरवा. मी तशीच ओल्या हातानं धावले आणि खूण केली."

"अगं देवा! मी पहिल्या दिवशी पहिल्या तासात उरकते. सगळी रडत असतात. रडणाऱ्याला विचारायचं, तो सांगत नाही, शून्य टाकायचं. खोटं काय आहे त्यात?" मग म्हणाली, "तू त्यांना रडू का नाही दिलंस गं?"

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

साहेब परत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाइलमधून कोरे तक्ते काढले, बावीस मुलांचे बावीस, आणि टेबलावर ठेवले.

"पहिल्या चाचणीचे जुने तक्ते भिजले, खराब झाले, असं होतं कधीकधी," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी चार वाजता परत जाताना नवीन उचलेन. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

ते गेले. मुलंही घरी गेली होती. आमच्या मदतनीसबाई चटया गुंडाळत होत्या. त्यांच्या कानातून काही सुटत नाही.

"लिहून टाका हो बाई," त्या म्हणाल्या. "पोरांना काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना."

"मग बसा सत्य कवटाळून! बंद झालं तर चार वर्षांचं पोर नऊ किलोमीटर बसनं कोण पाठवणार आहे? माझी नातसुद्धा जायची नाही. पहिलीपर्यंत घरात बसतील अंगठा चोखत."

हे मात्र खरं होतं. मी लंगड्या खुर्चीवर बसले आणि लिहायला घेतलं. स्वतःचं नाव सांगते: नाही. रंग ओळखते: नाही. तीनपर्यंत मोजते: नाही. पहिल्या पाच-सहा तक्त्यांना मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मला फार लवकर झाली याचाच मला राग आला. हिरव्या साबणवालीचा तक्ता आला तेव्हा मी जरा थांबले. पण चार वाजायला आले होते. तिच्याही पुढे 'नाही' असंच लिहिलं, आणि ठळक लिहिलं.

बालवाडी वाचली. नुसती वाचली नाही, यादीत पहिली आली. भाचीचा फोन आला, "मावशी, मला मागं टाकलंस की!" मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. पालकांना वाटलं, बाईंनी चमत्कार केला. मीही हसून मान डोलवत राहिले. पुढच्या शिक्षक-मेळाव्यात मी बोलावं असं पत्र आलं. विषय होता, मुलांच्या मनात शिरण्याची कला.

मग नवीन वर्ष सुरू झालं. पहिल्या दिवशी सकाळी सोळा मुलं आली आणि सोळाही रडत होती. दाराशी एक पोरगी होती, आजोबांचा सदरा मुठीत धरलेली. आजोबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि मागं न बघता निघून गेले. अशा वेळी माझे हात आपोआप पुढे होतात. त्या दिवशीही झाले. मी ते मागं घेतले आणि तक्ता उचलला.

"नाव काय तुझं?"

तिनं भोकाड पसरलं. नाही.

"हा रंग कोणता?" नाही. "हे किती?" नाही.

चाळीस प्रश्न पाच मिनिटांत झाले. मदतनीसबाई चटईवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मग नजर वळवली. मी दुसऱ्या मुलाकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. तासाभरात सोळाही झाले. भाची म्हणाली होती तसंच, खोटं एक अक्षर नव्हतं.

तक्ते कपाटात ठेवत होते तेव्हा कुणीतरी साडी ओढली. तीच पोरगी. नाक वाहत होतं, पण रडणं थांबलं होतं. कुणी जवळ न घेता ती एकटीच शांत झाली होती. माझ्याकडे मान वर करून तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट, एकही अक्षर न गाळता. आणि शाबासकीसाठी उभी राहिली.

मी खाली बसले. तिचं नाक पुसलं.

"आत्ता नको गं, बाळ," मी म्हटलं. "वर्ष संपताना सांग."