नलूताईचे बारा सेकंद

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो. लोक मला संगणकाचा मेंदू म्हणतात, पण तसं कुणी म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. मला फक्त मोजता येतं. मात्र त्या मोजण्यात मी आजवर एकदाही लबाडी केलेली नाही, आणि तरीही माझ्यावर एक ठपका बसला आहे. तोच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. वाळूपासून केलेल्या पातळ चकतीवर माझं अंग कोरलं, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय लावले आणि नाव म्हणून नुसता आकडा दिला, ८०८८. चाळीस पाय असून मी आयुष्यात एक पाऊल चाललो नाही! १९८६ साली एका संगणकात बसून मी वर्ध्याला आलो. गणिताचे निवृत्त मास्तर अण्णाजी यांनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा क्लास काढला होता. सुरुवातीला माणसं नुसती बघायला येत. चपला बाहेर काढत, आत आल्यावर आवाज खाली करत. दसऱ्याला मला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळे. विचार करता येत नसला तरी फुगता येतं, हे मला तेव्हा कळलं.

केळझरहून एसटीने एक तरुण मुलगी शिकायला येई. तिचं नाव नलू, पण क्लासातली लहान मुलं तिला नलूताई म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. तिच्या घरी भाजीचा मळा होता. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मेथीच्या जुड्या बांधायला तिला वेळ लागे, आणि घरचं कुणीतरी हळूच तिच्या हातातून जुडी काढून घेई. कुणी रागावत नसे, नुसती काढून घेई. तेच तिला फार लागे.

हिंगणघाटच्या एका गिरणीच्या कार्यालयात संगणकावर टाइप करणारी माणसं हवी होती. मिनिटाला तीस शब्द जमले की नोकरी पक्की. टाइपरायटरच्या जड कळा नलूताईच्या हाताला झेपत नव्हत्या, पण माझ्या संगणकाच्या कळा हलक्या होत्या. तिने अर्ज भरला. परीक्षा १९८९च्या फेब्रुवारीत होती.

अण्णाजींनी तिच्यासाठी एक धडा तयार केला. मी पडद्यावर सहा शब्दांची ओळ दाखवायची आणि एका ठरावीक आकड्यापर्यंत मोजायचं. तेवढ्यात तिने ओळ टाइप केली तर एक गुण, नाही तर ओळ पुसून पुढची. अशा शंभर ओळी. तो आकडा ठरवायला अण्णाजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दोन दुपारी माझ्यासमोर बसले. आकडा वाढवला, कमी केला, पुन्हा मोजायला लावलं. शेवटी माझं मोजणं बरोबर बारा सेकंदांत संपू लागलं. बारा सेकंदांत सहा शब्द म्हणजे मिनिटाला तीस. ही परीक्षेचीच चाल होती.

"आत्ताच सांगतलं तर पोरगी बिचकन," अण्णाजी स्वतःशीच पुटपुटले. "नव्वद ओळी जमल्या का मंग सांगीन."

पहिल्या दिवशी तिच्या अकरा ओळी जमल्या. पुढे रोज अण्णाजी विचारत, "आज किती वो नलू?"

"सदतीस, गुरुजी."

"लय झाले. उद्या येजो."

डिसेंबरात अण्णाजी चार दिवसांच्या तापाने गेले. तेरावं झाल्यावर नलूताई आली, धडा लावून एकटीच बसली. त्या दिवशी पडद्यावर आकडा आला ब्याण्णव. तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून रडली. परीक्षेपुरती तिची तयारी झाली होती. ते माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो.

क्लास अण्णाजींच्या पुतण्याकडे, बंडूजींकडे आला. माणूस दिलदार, सेलूकडचा शेतकरी, शंकरपटाचा भारी शौकीन. बैलांच्या त्या शर्यतीत घड्याळ लावून कोणती जोडी सरस ते ठरतं, आणि एकदा ठरलं की वाद मिटला. त्यांनी नवा संगणक आणला. त्यात माझाच धाकटा भाऊबंद होता, ८०२८६. मग काय, बंडूजींनी आम्हा दोघांचा पटच भरवला! दोन टेबलं शेजारी लावली, दोघांनाही एकच मोजणी दिली आणि "हो!" म्हणून एकदम कळ दाबली. त्याने दहा सेकंदांत संपवलं. मला चाळीस लागले.

"चौपट, बाप्पा!" बंडूजी ओरडले. "दाम जास्त गेला, पण वसूल! हा म्हातारा तं पार बसला."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण निकाल खरा होता. मोठी मोजणी झटपट हवी असेल तर तुम्हीही त्यालाच घ्या.

बंडूजींनी मोठ्या मायेने नलूताईला नव्या संगणकावर बसवलं आणि अण्णाजींचा धडा जसाच्या तसा त्यात उतरवून दिला. चूक झाली ती इथे. ज्या आकड्याला मला बारा सेकंद लागत, तो त्याने तीन सेकंदांत मोजून टाकला. ओळ आली आणि गेली. नलूताईचा पहिला शब्दही पुरा झाला नाही. शंभरपैकी शून्य. आठ दिवस तिने जिवाचा आटापिटा केला. रोज शून्य.

"मशीन लय भरभर पुसून राह्यलं, भाऊ," ती म्हणाली.

बंडूजींना टायपिंग येत नव्हतं, पण पटाचा निकाल ठाऊक होता. ते हळू आवाजात म्हणाले, "जुनं मशीनच हळू होतं, नलू. म्हणून तुले जमत होतं. खरी चाल हे हाय."

"मंग माहे ब्याण्णव?"

बंडूजींनी धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून लावून दिला.

परीक्षेच्या दोन दिवस आधी ती अण्णाजींचं पुस्तक परत करायला आली. मी कोपऱ्यात होतो, अंगावर जुनी चादर होती.

"परीक्षेले जाजो तरी," बंडूजी म्हणाले.

"काऊन जाऊ, भाऊ? चार लोकाइले हात दाखवाले?" मग तिने चादरीवरून माझ्या पेटीवर तो दोन बोटं गेलेला हात ठेवला. "तू बरा होता रे. मले सांभाळून घेत होता."

परीक्षेच्या दिवशी ती मळ्यात होती, असं नंतर कानावर आलं. मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी वायर कुरतडली त्याचं मला काही नाही.

मित्रांनो, मी तिला एक क्षणही सांभाळून घेतलं नव्हतं. परीक्षेत जेवढा वेळ मिळाला असता, तेवढाच मी दिला. ब्याण्णव ओळी तिने आठ बोटांनी मिळवल्या आणि माझी दया समजून इथेच सोडून गेली. त्या नव्याचा दोष नाही, त्यानेही सांगितलेला आकडा इमानाने मोजला. बंडूजींच्या मनातही पाप नव्हतं. फक्त घड्याळ काढून ती ओळ किती वेळ टिकते, एवढं कुणी पाहिलं नाही.

तुमच्या आसपासही कुणाला शून्य मिळत असेल. त्याला मंद म्हणण्याआधी त्याला वेळ किती दिला होता ते मोजा. आणि कुणाची मेहनत तुम्हाला ठाऊक असेल, तर ती त्याला आजच सांगा. नलूताईला सांगायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.