गेनबाचा पाऊस

वेल्ह्याच्या खोऱ्यात खोट्याला एक नाव होते. माझी म्हैस दोन्ही वेळा घागरभर दूध देते असे कोणी म्हणाले, की ऐकणारा बाजूला पिंक टाकून म्हणे, "व्हय, गेनबाचा पाऊस!" आणि तेवढ्यावर म्हशीचा निकाल लागे. हा शब्द इतका रुळला होता की शेंबडी पोरेही तो वापरत. त्यांतल्या निम्म्यांना हे ठाऊकच नव्हते की गेनबा नावाचा मनुष्य अजून जिवंत आहे, देवळामागच्या घरात राहतो आणि गुडघेदुखीने कण्हतो. हयातीतच भाषेत जमा होण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. गेनबाला ते नको होते.

त्याचा अपराध एवढाच, की जे पाहिले ते त्याने सांगितले. पहिल्या महायुद्धात तो आणि भिमा, एकाच आळीतले दोघे, पलटणीत भरती होऊन बसऱ्याकडे, वाळवंटी मुलखात गेले. गेनबा परत आला, भिमा आला नाही. भिमा कसा गेला हे त्याच्या आईला, बाळाबाईला, सांगणे भाग होते. गेनबाने ते साऱ्या गावासमोर, देवळाच्या पारावर सांगितले.

"तितं झाड न्हाई, सावली न्हाई. ह्येच दीस हुते, उन्हाळा नुकता लागल्याला. तंबूच्या खुटीला हात लावला तरी फोड यायचा. दुपारच्याला मावळतीकडनं पिवळं भिताड उठलं. आदी वाळू, मग इजा, मग गारा. आवळ्याएवढ्या. तितंच एक कोरडा वढा हुता, त्यात आमची खेचरं बांदल्याली. बगता बगता दोन्ही थड्या भरून पानी आलं. भिमा खेचरं सोडवाया उतरला. खेचरं निगाली. भिमा न्हाई निगाला."

मग मागच्या बाजूने सावळारामाचा आवाज आला. गावात कोणी मेले तरी ज्याला त्यात एक विनोद सापडे, असा तो मनुष्य.

"म्हंजी, वाळवंटात बुडून मेला म्हन की!"

हसू दाबायचा प्रयत्न काहींनी केला, पण तो फार वेळ टिकला नाही. कानंदी नदीच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडे जाणारा गडी, आणि बुडाला कुठे, तर वाळवंटात! त्या दिवसापासून भिमाच्या मरणाला हसणे गावाला वर्ज्य राहिले नाही, आणि गेनबाच्या पावसाला तर नाहीच नाही.

हसली नाही ती एकटी बाळाबाई. तिने एवढेच विचारले, "ते पानी गार हुतं का रं, गेनू?"

"गारांचंच पानी, मावशी. गार न्हाई तर काय?"

"मग बरं," ती म्हणाली.

पुढे दर वैशाखात, ऊन अगदी डोक्यावर आले की ती लुगड्याचा पदर कपाळावर ओढून गेनबाच्या ओसरीवर येई, सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकून घेई, शेवटी तोच प्रश्न विचारी आणि तेच उत्तर घेऊन परत जाई. साऱ्या खोऱ्यात त्या पावसावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. तिच्याजवळ दुसरा पर्यायच कुठे होता?

असे दीड तप लोटले. गेनबाची सगुणा लग्नाला आली.

त्या वर्षीचा वैशाख असा होता, की तोरण्याचा कडा भट्टीतून नुकताच काढून ठेवल्यासारखा दिसे. कानंदीच्या डोहांत पाणी उरले होते ते म्हाताऱ्याच्या डोळ्यांत साचते तेवढेच. आणि आकाश इतके निर्विकार, की त्याच्याकडे पाहून काही मागणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. त्या उन्हातून उत्रोलीचे मानसिंगराव मुलाला घेऊन बैलगाडीने सुपारी फोडायला आले.

मानसिंगराव भातशेतीचे मोठे शेतकरी. पागोटे मोठे, आवाज त्याहून मोठा. आपण जन्मात खोटा शब्द बोललो नाही, असे ते दिवसातून दोनचारदा तरी सांगत. हे इतक्यांदा का सांगावे लागते, याचा विचार उत्रोलीने केला असेल. वेल्ह्याला तेवढा सहवास नव्हता. मुलगी त्यांना पसंत होती. मुलाला तर इतकी पसंत होती, की तो आल्यापासून नुसता जमिनीकडे बघत होता. ताटात सुपारी आली, पाटील आले, सावळाराम न बोलावता आला. बाळाबाई आळीतली सर्वांत थोरली म्हणून खांबाला टेकून बसली होती.

मानसिंगरावांनी सुपारीवर हात ठेवला, पण उचलली नाही.

"पावणं, एक इचारू का? येताना नसरापुरात बैलं सोडली, च्या प्यायला बसलो. थितं एक जन दुसऱ्याला म्हनला, हा तर गेनबाचा पाऊस. म्या इचारलं, कोन ह्यो गेनबा? तर म्हनला, तुमी ज्याच्याकडं चाललाय त्योच."

सावळारामाने आपली मालमत्ता नसरापुरापर्यंत पोहोचल्याचे ऐकून मान डोलावली.

"पोर सोन्यावानी हाय," मानसिंगराव म्हणाले, "पन खोट्याची लेक आनली असं उत्रोलीत कुनी म्हनलं, तर मला तोंड दाखवाया जागा न्हाई. हितं पाच मान्सांत सांगून टाका, तो पाऊस खोटा हुता. चूक कबूल केली, इषय मिटला."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर बैलं जुंपतो."

दाराआडून बांगड्यांचा आवाज आला आणि एकदम थांबला. गेनबाची बायको अंबूबाई उंबऱ्यापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "अवं, एक शबुद तर हाय. बोलून टाका की. पावसाला काय वाईट वाटतंय?"

पावसाला वाईट वाटणार नव्हते, हे खरे. गेनबाने खांबाकडे पाहण्याचे टाळले. त्या पावसाला दोनच साक्षीदार होते. एक तेव्हाच बुडाला होता, दुसऱ्याला आता बुडायचे होते, तेही कोरड्या ओसरीवर, सुपारीच्या ताटासमोर.

"खोटा हुता," तो म्हणाला. "वाळवंटात कुठला पाऊस? म्या उगा सांगायचो."

ओसरीने सुस्कारा सोडला. सावळाराम तेवढा किंचित हिरमुसला; आयुष्यभर पुरलेला विनोद असा पाच माणसांत खर्ची पडलेला पाहणे सोपे नसते. मानसिंगरावांनी सुपारी उचलली.

"मग माजा भिमा कशानं गेला?"

बाळाबाईने हे मिठाचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात विचारले. सगळे गेनबाकडे पाहू लागले. सुपारी मानसिंगरावांच्या बोटांत राहिली.

"गोळीनं," गेनबा म्हणाला. "तुर्काच्या गोळीनं, मावशी. छातीत लागली. समोरनं."

'समोरनं' हा शब्द कोणी मागितला नव्हता. तो आपणहून आला. दीड तप तो खरे चढणीवर ढकलत होता आणि ते तसूभर हलले नव्हते. खोट्याला हात लावताच ते उतारावरच्या धोंड्यासारखे आपोआप धावत सुटले. सावळारामाने डोक्यावरचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले. पाटील पुढे सरकले.

"गड्या, हे येवढी वर्सं पोटात ठिवलंस?"

"म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हनून न्हाई बोलला त्यो," दुसरा कोणी म्हणाला.

"आन् आपुन हसलो त्येला," तिसरा म्हणाला. "मन असावं तर असं."

खोटे का बोललो याची कारणेही गेनबाला शोधावी लागली नाहीत. गावाने ती जागच्या जागी पुरवली. बाळाबाई तेवढी एकदा "समोरनं" असे पुटपुटली आणि सुपारी फुटण्याआधीच उठून उन्हात चालती झाली.

सुपारी फुटली. गूळ वाटला. तेवढ्यात अंगणातले ऊन पिवळे पडले.

कड्याआडून एक भिंत वर येत होती. ती धुळीची होती आणि तिच्या पोटात विजा हालत होत्या. गेनबाने तिला वासावरूनच ओळखले. 'बैलं आत घ्या' म्हणायला त्याचे तोंड उघडलेही. पण पावसाविषयी काही बोलण्याचा हक्क त्याने घटकेपूर्वीच पाच माणसांत सोडून दिला होता. तो गूळ चघळत राहिला.

मग वळीव कोसळला. कौले फुटू लागली, आंब्यांखाली कैऱ्यांचा सडा पडला, आणि गारा अंगणभर नाचू लागल्या. बैल सोडवायला धावलेल्या मानसिंगरावांचे पागोटे वाऱ्याने पळवले आणि उघड्या कपाळावर एक गार नेमकी बसली. ते जे आत आले ते थेट कणगीमागे जाऊन बसले, आणि दर कडकडाटाला तिथून भवानीचे नाव ऐकू येत राहिले. बैल शेवटी गेनबानेच सोडले.

परत येताना पायरीवर पडलेली एक गार त्याने उचलली. आवळ्याएवढी. तोच आकार, आत तोच दुधी डोळा. जुना ओळखीचा मनुष्य दारात यावा आणि आपण त्याला ओळख दाखवू नये, तशी त्याने ती परत पायरीवर ठेवली.

"वाळवंटात न्हाई, पन हितं पडतो बगा!" सावळाराम ओरडला, आणि सगळी ओसरी पोट धरून हसली. गेनबाही हसला. व्याही कणगीमागे होते. कोणीतरी हसायला हवे होते.

लग्न उत्रोलीला झाले, त्याच वैशाखाच्या अखेरीस. उत्रोलीत थेंब पडला नव्हता. मांडवाखाली लोक पंख्याऐवजी उपरण्यांनी वारा घेत होते आणि मानसिंगराव कपाळावरचे टेंगूळ मिरवत होते. गारा नारळाएवढ्या होत्या, असे त्यांनी घरी परतताच सांगितले होते. तेव्हापासून उत्रोलीला एक करमणूक झाली होती.

"नारळाएवढी गार टकुऱ्यात पडली," त्यांची थोरली बहीण धोंडाबाई भर मांडवात म्हणाली, "आन् टेंगूळ सुपारीएवढं? आरं, तुजं डोस्कं तरी कशाचं म्हनायचं?"

मांडव खदखदला. मानसिंगरावांचा चेहरा टेंगळाच्या रंगाचा झाला. त्यांनी गर्दीतून गेनबाला दंडाला धरून पुढे ओढले.

"ह्ये माजं व्याही. ह्यांनी पाच मान्सांत आपली चूक कबूल केली हाय. असा मानूस परत खोटं बोलंल व्हय? सांगा व्याही, केवढ्या हुत्या गारा?"

समोर अंतरपाट धरायला भटजी खोळंबले होते. मुंडावळ्यांआडून सगुणा बापाकडे पाहत होती. मानसिंगरावांचा हात दंडावर होता आणि त्याची पकड सुटत नव्हती. जन्मात खोटे न बोललेल्या माणसाला पहिल्यांदाच एका साक्षीची इतकी गरज पडली होती. 'आवळ्याएवढ्या' हा शब्द गेनबाच्या जिभेवर आला, तुरट लागला, आणि त्याने तो गिळला.

"नारळाएवढ्या," तो म्हणाला. मग काही राहून गेल्यासारखे वाटून त्याने जोडले, "सोललेल्या."

मांडवातली उपरणी हलायची थांबली.

"काई काई तर बिनसोललेल्या," गेनबा म्हणाला.

धोंडाबाईने तोंडावर हात घेतला. कोणी हसले नाही. ज्याने आपले खोटे स्वतः कबूल केले, त्याच्या शब्दावर शंका घेण्याचा हलकटपणा उत्रोलीतही कोणी करणार नव्हते. मानसिंगरावांची छाती फुगली, अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टके सुरू झाली.

बायकांच्या पंगतीत बाळाबाईला मानाची जागा मिळाली होती. रणात पडलेल्याची आई म्हणून तिच्या ताटात तूप दोनदा वाढले. गेनबा पाण्याची घागर घेऊन मागून जात असताना त्याच्या कानावर तिचा आवाज पडला. भिमा घोड्यावर होता, ती सांगत होती. गोळी छातीत, समोरून. बायका पदराने डोळे टिपत होत्या. त्या हकिकतीत खेचरे नव्हती. ओढा नव्हता.

ऊन कलल्यावर वेल्ह्याच्या गाड्या जुंपल्या गेल्या. गेनबाने बाळाबाईला हात देऊन गाडीत चढवले, पाठीशी गवताची पेंडी लावून दिली आणि तो वळणार तोच तिने त्याची बाही धरली. तिने इकडेतिकडे पाहिले. गाडीवान वेशीपाशी विडी ओढत होता. दुसरे जवळ कोणी नव्हते.

"गेनू."

"काय, मावशी?"

"ते पानी," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "गार हुतं का रं?"

बैलाने मान झटकली. घुंगरे वाजली आणि थांबली.

"गार हुतं, मावशी."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिने उन्हासाठी पदर कपाळावर ओढून घेतला.